कोपऱ्यातली जमीन

सकाळ त्या घरात दारातून येत नसे. दार पश्चिमेला होते. ती यायची मागच्या भिंतीच्या माथ्यावरून, जिथे पत्रा आणि भिंत यांच्यात चार बोटांची फट राहून गेली होती. ती बुजवायची असे दर उन्हाळ्यात ठरे आणि दर उन्हाळ्यात राहून जाई. आधी त्या फटीत नुसता राखाडीपणा साचे, विझलेल्या चुलीत राख साचावी तसा. मग त्याला कड येई, कडेला पिवळसर रंग चढे आणि कुणीतरी हात धरून आणल्यासारखी उजेडाची एक अरुंद पट्टी समोरच्या भिंतीवर येऊन उभी राही. तिथे कोनाडा होता. कोनाड्यात देवापुढचा लहानसा दिवा होता, रात्रभर जळून काजळलेला. उजेड त्याच्यावर आला की ज्योत दिसेनाशी होई. ती विझलेली नसे, नुसती दिसत नसे. कोनाड्यापासून वीतभर अंतरावर चौकटीत बसवलेला एक फोटो होता. त्यात त्याची बायको उजवा हात वर करून उभी होती, डोक्यावरचे कापड घट्ट ओढलेले, तोंड अर्धवट उघडे, जणू शब्दाच्या मध्येच तिला कुणी थांबवले होते. पट्टी दिव्यावरून सरकत सरकत फोटोवर येई. दोन्हींवर ती एकाच वेळी कधी पडत नसे. मग ती खाली उतरे, कोपऱ्यात उभ्या केलेल्या अवजारांवर: पहार, कुदळ, फावडे आणि माणसाच्या छातीइतकी उंच, टोकाला निमुळती केलेली लोखंडी सळई. फावड्याचे पाते मातीने घासून घासून इतके उजळ झाले होते की तिथून उजेड परत उडे आणि त्याच्या म्हाताऱ्या आईच्या पावलांवर पडे. वाळल्या मुळांसारखी ती पावले गोधडीबाहेर आलेली असत.

तो हे सगळे पडल्या पडल्या बघत असे. दिवसातला तेवढा वेळ त्याच्याकडे कुणी काही मागत नसे.

गाव त्याला खोद्या म्हणे. कबरी खणणे हे त्याच्या वडिलांचे काम, ते त्याच्याकडे आले. गावाच्या माळावर दगडी भिंतीने वेढलेली दफनभूमी होती. ती भिंत गावमंडळाने सरकारी खर्चाने बांधली होती, म्हणजे जागा सगळ्यांची, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण तिथे पुरले जायचे ते प्रार्थनाघराला येणाऱ्यांनाच, हेही सगळ्यांना ठाऊक होते, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या वाटेत येणार नाहीत याची काळजी सगळेच घेत.

खणण्याआधी खोद्या सळईने जमीन बघे. सळई रोवायची, मोगरीचे ठोके द्यायचे आणि हाताला काय कळते ते ऐकायचे. मग तो एकच शब्द बोले. "जातो" म्हणाला, की लोक ओझे उतरवत. "लागतो" म्हणाला, की खाली कातळ आहे असे समजून चार पावले पुढे सरकत. त्याच्या वडिलांनी त्याला सबंध आवार पावलापावलाने दाखवून ठेवले होते: इथे मुरूम, इथे काळी माती, त्या कोपऱ्यातल्या झाडापाशी पूर्वी एक भिंत होती, तिचा पाया कुणी उकरून काढला नाही, तेवढा पट्टा सोडून खणायचे. गावात त्याला कुणी खुर्ची देत नसे, पण जमिनीबाबतचा त्याचा शब्द आजवर कुणी दुसऱ्यांदा विचारला नव्हता.

बायको गावमंडळाची अध्यक्ष झाली ती तिच्या इच्छेने नव्हे. त्या खेपेला जागा बाईसाठी होती, आणि प्रार्थनाघराचा कारभार बघणाऱ्या, गाव ज्यांना थोरले म्हणे त्यांनी चारचौघींची नावे बाजूला सारून तिचे नाव पुढे केले होते. खोद्याची बायको म्हणजे तोंडाला कुलूप, असा त्यांचा हिशेब. सही करायची, बाकी आम्ही बघून घेऊ, असे त्यांनी खोद्याला समजावले होते, आणि खोद्याने तिला. ती शाळेची झाडलोट करणारी बाई. वाचता येई, पण बोट ठेवून. शपथेचा कागद हातात पडल्यावर तिने तो पाठच करायला घेतला. पीठ मळताना, भांडी घासताना तिचे ओठ हलत. राज्यघटनेशी निष्ठा, निर्भयपणे, कुणाविषयी ममत्व किंवा आकस न ठेवता. आई पलंगावरून म्हणे, "अगं, शपथ घालून पीठ मऊ होत नाही. पाणी घाल थोडं."

शपथ द्यायला वरून आलेल्या अधिकाऱ्याने तिला विचारले होते, देवाच्या साक्षीने घेणार की तशीच. ती इतका वेळ गप्प राहिली की मागे कुणीतरी खोकले. मग म्हणाली, देवाच्या साक्षीने. भिंतीवरचा फोटो त्याच शपथेच्या वेळचा. परत येताना खोद्याने सहज विचारले, की एवढा विचार कसला करत होतीस.

ती म्हणाली, "देवाला मध्ये घेतलं की मग मागं फिरता येत नाही. ते बघत होते, जमेल का."

तो हसला होता. ते हसणे आता त्याला आठवायला नको वाटे.

त्या वर्षी पाऊस निम्म्यावर थांबला आणि उन्हाळा लवकर लागला. नदी आटली, तशी वाळू उपसणारी यंत्रे पात्रात उतरली आणि काठ पोखरून गेली. गावाबाहेरच्या वीटभट्टीवर दर हंगामाला दुसऱ्या मुलखातून, दुसऱ्या धर्माची माणसे येत. त्यांच्यातले कुणी गेले तर ती त्याला नदीकाठी ठेवत. आता तो काठच राहिला नव्हता. जिथे त्यांची माणसे होती तिथे गढूळ खड्डे होते आणि कुत्री फिरत होती.

भट्टीवरचा चिखल्या म्हातारा अशातच गेला. विटांचा चिखल पायांनी तुडवण्यात त्याचा जन्म गेला होता. खोद्या त्याला चांगला ओळखत होता. एकदा फावड्याचा दांडा मोडला तेव्हा त्याच म्हाताऱ्याने तो हातातून काढून घेऊन, तासून, पाचर ठोकून नवा बसवून दिला होता. "मातीत राबणारे आपण दोघंही. तुम्ही खाली घालता, आम्ही वर काढतो," असे म्हणून दात नसलेल्या तोंडाने तो खूप वेळ हसत राहिला होता.

बायको सकाळीच मंडळाच्या कचेरीतून परतली, ती चूल न पेटवता तशीच उभी राहिली.

"अध्यक्षबाई," आई म्हणाली, "चुलीकडे बघायलाही ठराव लागतो का?"

तिला ते ऐकू गेले नसावे. म्हाताऱ्याचा मुलगा कचेरीच्या पायरीवर येऊन बसला होता, असे तिने खोद्याला सांगितले. त्याला आत बोलावले तरी तो येईना. पायाला चिखल आहे म्हणाला. मंडळातल्या दोघांनी आधी खिडकीबाहेर बघितले, मग काखा वर केल्या. तिने विचारले, जागा कुणाची? मंडळाची. मग अडते कुठे? दोघे पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. तेव्हा तिनेच सांगून टाकले, की माळावर झाडाजवळच्या कोपऱ्यात द्यायची.

"दुपारी या तुम्ही सळई घेऊन," ती म्हणाली.

"थोरल्यांना विचारलंस?"

"शपथ घेताना थोरल्यांना मध्ये घेतलं नव्हतं."

हे ती रागाने म्हणाली नाही. पीठ संपलेय हे सांगावे तशा आवाजात म्हणाली. 

थोरल्यांचे बोलावणे आले तेव्हा तो मोगरीचा दांडा भिजवत होता. प्रार्थनाघराच्या अंगणात थोरले झारीने कुंड्यांना पाणी घालत होते. खोद्या चपला हातात घेऊन उन्हात उभा राहिला. फरशी तापली होती. तो एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत राहिला. थोरल्यांनी दोन कुंड्या पुऱ्या केल्या आणि मग आईची चौकशी केली. गुडघे गेलेत, असे त्याने सांगितले.

"त्यांची जागा मी बघून ठेवलीय," थोरले म्हणाले. "तुझ्या वडिलांच्या शेजारची. कितीजण मागतात. मी म्हणतो, नाही बाबा, ती खोद्याच्या आईची."

"आपली कृपा."

"तुझी बायको शपथेची माणूस. तिला मी एक शब्द बोलणार नाही. आणि तू खोटं बोल, असं तरी मी कधी म्हणेन का?" ते सुकलेली पाने एकेक करून खुडत होते. "तू जमीन काय म्हणते तेवढंच सांग. जमिनीतलं आम्हाला कुठं काय कळतं."

ते एवढेच बोलले. खोद्या बाहेर पडला तेव्हा तळव्यांना फोड यायच्या बेतात होते, आणि चपला घालायच्या हे त्याला रस्ता संपेपर्यंत सुचले नाही.

दुपारी माळावर पाचच माणसे होती: बायको, मंडळाचे दोघे, म्हाताऱ्याचा मुलगा आणि तो. मुलाच्या कोपरापर्यंत वाळलेला चिखल तडकला होता. बाप गेल्यापासून त्याने हात धुतले नसावेत. जमिनीला भेगा पडल्या होत्या. झाडाची सावली आक्रसून बुंध्याशी गोळा झाली होती. खोद्या सळई खांद्यावर घेऊन कोपऱ्यात गेला. कुठे थांबायचे हे त्याने ठरवले नाही. पाय जिथे थांबले तिथे थांबला. सळई रोवली. मोगरी उचलली. वीतभर माती फोडून सळई आत गेली आणि खालून लोखंड दगडावर आपटल्याचा तो कोरडा, टणक आवाज आला. तो हातातून खांद्यापर्यंत चढला.

"लागतो," तो म्हणाला.

बायकोने थोडे बाजूला बघायला सांगितले. तो बाजूला सरकला, पण झाडाच्या रेषेत. पुन्हा तोच आवाज. आणखी चार पावले, त्याच रेषेत. पुन्हा तोच. मंडळातल्या एकाने सोडलेला श्वास त्याला स्पष्ट ऐकू आला. आपण काही म्हटलेले नाही, असे खोद्याने स्वतःला बजावले. लोखंड बोलले. सगळ्यांनी ऐकले.

मुलगा पुढे आला. "आम्ही फोडू का? पहारी आहेत भट्टीवर. पाच-सहाजण लागलो तर थोडं थोडं करून..."

"हा फुटायचा नाही," खोद्या म्हणाला.

हे मात्र लोखंड बोलले नव्हते.

मुलाने मान हलवली. त्याची नजर भिंतीला टेकवलेल्या फावड्यावर गेली. "दांडा आमच्या बाबांनी बसवलेला ना?"

"हो."

"चांगला टिकलाय."

बायको सळईकडे बघत होती, नवऱ्याकडे नव्हे. मग ती त्या मुलासमोर जाऊन उभी राहिली, फोटोत उभी होती तशीच ताठ. म्हणाली, "भाऊ, मी शपथेवर सांगते. जमीन असती तर दिली असती, कुणाचंही ऐकलं नसतं. पण खाली कातळ आहे."

"तुम्ही सांगताय ताई, म्हणजे आहेच," तो म्हणाला.

शेवटी शहराच्या दफनभूमीत न्यायचे ठरले. वाट दिवसभराची. विटा वाहायच्या गाडीत गवत पसरून म्हाताऱ्याला निजवले. ऊन असे, की बैलांच्या तोंडाला फेस आला होता. बायको घरी येऊन पाण्याची घागर घेऊन गेली, दोन दिवस पुरवायची म्हणून ठेवलेली, आणि ती तिने गाडीतल्या गोणपाटांवर ओतली. ती शेवटच्या घरापर्यंत गाडीमागून चालत गेली. खोद्या दारातून बघत होता. गाडीतून गळणारे पाणी रस्त्यावर ठिपके काढत गेले आणि गाडी वळायच्या आत ते वाळलेही.

घरात त्यानंतर कुणी आवाज चढवला नाही. प्रार्थनाघरात खोद्याला पुढच्या ओळीत बसायला बोलावले. तो गेला आणि सबंध प्रार्थना संपेपर्यंत समोरच्या माणसाच्या मानेवरचा तीळ बघत राहिला. थोरल्यांनी कुंपणाची चर साफ करायला सांगितली, ती त्याने केली. चिखल्या म्हाताऱ्याचा मुलगा परत आला आणि भट्टीवर बापाच्या जागी चिखल तुडवू लागला. तो वाटेत भेटला की मान लववी. ते खोद्याला सोसवत नसे. मग तो लांबच्या पायवाटेने जाऊ लागला आणि स्वतःला सांगू लागला, की तिकडे सावली आहे.

एका सकाळी, पट्टी फोटोवर आली असताना, बायको पीठ मळता मळता थांबली.

"लोक म्हणतात, मी थोरल्यांना घाबरले."

तो गोधडीची घडी घालू लागला.

"मी घाबरले नव्हते ना?"

"नाही."

"कातळ होता म्हणून."

"हो," तो म्हणाला.

तिने पीठ पुन्हा मळायला घेतले. आई पलंगावरून मुलाकडे बघत होती. तिला आता धड दिसत नसे, तरी ती बराच वेळ बघत राहिली. मग, कुणी विचारले नसताना, म्हणाली, "मला तुझ्या बापाशेजारीच ठेवा असं काही नाही हं. तो जन्मभर घोरला. जरा लांब ठेवलं तर झोप तरी लागेल." आणि ती भिंतीकडे वळली.

उन्हाळा उतरणीला लागायच्या आधीच थोरल्यांची बहीण वारली. ती बरेच दिवस अंथरुणाला खिळली होती; निरोप घेऊन थोरले स्वतःच सकाळी माळावर आले. डोळे सुजलेले होते. एका दिवसात ते म्हातारे दिसू लागले होते, आणि खोद्याला त्यांची खरोखरच दया आली.

"झाडाखाली घे," ते म्हणाले. "तिला ऊन सोसायचं नाही कधी."

खोद्याला वाटले, आपण चुकीचे ऐकले. त्याने कोपऱ्याकडे बघितले, मग थोरल्यांकडे. "तिथे कातळ लागला होता," तो हळू म्हणाला.

थोरल्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता की हसू नव्हते. फक्त थकवा होता. "अरे, तो पायाचा पट्टा. तेवढा सोड आणि पलीकडे खण. तुझ्या बापानंच मला दाखवला होता." आणि ते भिंतीचा आधार घेत निघून गेले.

त्याने सळई घेतली नाही. पायाच्या पट्ट्यापलीकडे, झाडाच्या सावलीत, त्याने फावड्याच्या पात्याने चौकोन आखला आणि वरचा कडक थर कुदळीने फोडला. त्या थराला वेळ लागला. घाम डोळ्यांत उतरला, आणि त्याला बरे वाटले. मग थर संपला. खालची माती काळसर होती, तिच्यात झाडाची केसांसारखी मुळे होती, आणि फावडे तिच्यात असे गेले, जसे ते चांगल्या वर्षांत चांगल्या जागी जाते. त्याने कुदळ उचलली आणि दोन्ही हातांनी, गरज नसताना, जोरात हाणली. काहीतरी वाजावे म्हणून हाणली. ती नुसती रुतली. त्याने ती उपसून बाजूला हाणली, आणखी बाजूला हाणली. दांड्याला हिसका बसेल, हाताला झिणझिण्या येतील, याची तो वाट बघत होता, आणि दर वेळी मातीचा तोच भुसभुशीत, दबका आवाज येत होता.

दुपारी बायको पाणी घेऊन आली, नेहमी येई तशी. खोद्या कुठे आहे हे आधी तिला दिसेना. ती नेहमीच्या बाजूला बघत होती. मग कोपऱ्यातला मातीचा ढीग दिसला आणि ती तिकडे आली. तो कमरेएवढा आत होता.

तिने तांब्या काठावर ठेवला. खाली बसली. ढिगातली मूठभर माती उचलून दाबली आणि मूठ उघडली. माती तशीच राहिली, बोटांचे ठसे घेऊन. ती त्या ठशांकडे बघत राहिली.

"ही इथली?"

तो फावड्यावर रेलून उभा होता. पाणी समोर होते आणि त्याला तहान लागली होती. पण हात पुढे होईना.

"मी त्या माणसाला शपथेवर सांगितलं," ती म्हणाली. आवाज वर गेला नाही. "देवाला मध्ये घेऊन सांगितलं."

"वरवर आहे," तो म्हणाला.  "इथं वर माती आहे. खाली लागेल."

तिने त्याच्याकडे बघितले. एवढ्या वर्षांत जमिनीबद्दलचा त्याचा शब्द तिने दुसऱ्यांदा विचारला नव्हता. आताही विचारला नाही. हातातली माती तिने पुन्हा ढिगावर ठेवली, कुणाची वस्तू परत ठेवावी तशी, आणि ती काठावर नीट मांडी घालून बसली.

"बरं," ती म्हणाली. "मग मी बसते. लागला की सांगा."

तो वळला आणि खणू लागला. फावडे भरायचे, खांद्यावरून वर टाकायचे, पुन्हा भरायचे. माती तिच्या बाजूला पडू नये म्हणून तो दुसरीकडे टाकत होता. कडा छातीपर्यंत आल्या. झाडाची सावली बुंध्यापासून सुटून लांब होत गेली, तिच्या गुडघ्यांवरून सरकली आणि खड्ड्यात उतरली. पाणी तांब्यात तसेच होते.  मधूनमधून ती काठावरून पुढे वाकल्याचे, कान देऊन ऐकत असल्याचे, त्याला पाठीवर जाणवे. चिखल्या म्हाताऱ्याने बसवलेला दांडा हातात जरासाही हलत नव्हता. डोक्याएवढे खोल झाले, पुरेसे झाले, तरी तो थांबला नाही. त्याने पाय रोवला, पाते टेकवले आणि सगळा भार टाकला. फावडे पुन्हा दांड्यापर्यंत खाली गेले.

त्या कोपऱ्यात कातळ नव्हता.